उमेदवाराचा सातबारा

सातबारा म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. जमीन कोणाच्या नावाची, किती, तिच्यावर सोसायटीचा बोजा किती, पीक कोणते, सारे त्या कागदावर उतरलेले असते. सोयरीक जुळवायची झाली तरी जाणती माणसे आधी मुलाकडच्या सातबाऱ्याची चौकशी करतात. बैल घ्यायचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. मग पाच वर्षे ज्याच्या हाती कारभार द्यायचा, त्या माणसाचा कागद आपण पाहतो का?

"असा कागद असतो का हो?" आमच्या वर्गातल्या एका बाईंनी विचारले.

असतो. आज आपण तोच वाचायला शिकणार आहोत.

पूर्णा स्टेशनापासून थोड्या अंतरावरच्या एका वस्तीत आमचा रात्रीचा वर्ग भरतो. दिवसभर कापूस वेचून, सोयाबीन काढून बायका येतात. रेल्वेत गँगमनची नोकरी करून निवृत्त झालेले एक काकाही येतात. जन्मभर त्यांनी अंगठा उठवून पगार घेतला. आता चष्मा लावून वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. बाराखडी झाली, जोडाक्षरे झाली, गोष्टींचे पुस्तक वाचून झाले. तेव्हा आम्ही एका जुन्या निवडणुकीतल्या, दूरच्या जिल्ह्यातल्या एका उमेदवाराचा कागद छापून आणला. नाव आणि पक्ष असलेला भाग दुमडून आत घातला. आम्हाला कोणाचा प्रचार करायचा नाही, आणि कोणाची बदनामीही करायची नाही. आम्हाला वाचायला शिकायचे आहे.

या कागदाचे नाव प्रतिज्ञापत्र. कचेरीत त्याला 'नमुना २६' म्हणतात. विधानसभेला किंवा लोकसभेला उभा राहणारा प्रत्येक जण तो उमेदवारी अर्जाबरोबर शपथेवर भरून देतो. आपला पूर्णा तालुका विधानसभेच्या गंगाखेड मतदारसंघात येतो. या मतदारसंघाचा क्रमांक ९७. तेव्हा आपल्या उमेदवारांचे कागद त्या मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे दाखल होतात. त्यांच्या नकला कचेरीतल्या फलकावर लावाव्या लागतात. ज्याला पाहिजे त्याला नक्कल मिळते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही तो कागद चढवलेला असतो. घरातल्या शाळकरी पोराच्या हातात मोबाईल असेल, तर त्याला तो शोधून द्यायला सांगावे. पोरे नको ते पुष्कळ पाहतात. हे एकदा पाहू द्या.

हा कागद काही पहिल्यापासून नव्हता. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात तर मताचाच प्रश्न नव्हता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्या आज्या-पणज्यांनी पेटीत मत टाकले. पुढे पन्नास वर्षे आपण मत देत राहिलो. पण उमेदवाराची मिळकत किती, देणे किती, हे विचारायची सोय नव्हती. ऐकीव गोष्टी तेवढ्या असत. "लई पैसा हाय त्याच्याकडं" यापुढे कोणाला काही माहीत नसे.

१९९९ साली अहमदाबादच्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेतील काही प्राध्यापकांनी एकत्र येऊन एक संस्था काढली. तिचे नाव असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स. ही संस्था दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. तिचे म्हणणे साधे होते. मत देणाऱ्याला मत कोणाला देतो आहोत हे कळले पाहिजे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ मे २००२ रोजी न्यायालयाने सांगितले की उमेदवाराबद्दल माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. उमेदवारावर कोणते खटले आहेत, त्याची आणि त्याच्या बायकामुलांची मालमत्ता किती, देणे किती, शिक्षण किती, हे त्याने सांगितलेच पाहिजे.

आता गंमत पाहा. एरवी सभागृहात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे पक्ष या एका बाबतीत एक झाले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून असे ठरवले की कोर्टाने काहीही सांगितले तरी कायद्यात आहे तेवढीच माहिती उमेदवाराने द्यावी. मालमत्ता सांगण्याची त्याला सक्ती नको. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द ठरवली. तेव्हापासून हा कागद आपल्या हाती आहे. तो कोणा पुढाऱ्याने खुशीने दिलेला नाही.

पुढे त्यात भर पडत गेली. काही उमेदवार अडचणीचे रकाने कोरेच सोडत. २०१३ साली न्यायालयाने सांगितले, कोरा रकाना चालणार नाही. लागू नसेल तर 'नाही' असे लिहा, पण लिहा. सांगूनही रकाना कोरा ठेवला, तर अर्ज बाद होऊ शकतो. २०१८ साली सांगितले, नुसती मिळकत सांगून भागणार नाही. ती कोणत्या धंद्यातून आली तेही सांगा. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत नमुना बदलला. तोवर उमेदवार एकाच वर्षाच्या आयकर रिटर्नमधले उत्पन्न लिहीत असे. आता पाच वर्षांचे लिहावे लागते. स्वतःचे, बायकोचे किंवा नवऱ्याचे, एकत्र कुटुंबाचे आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचेही. परदेशात काही ठेवले असेल तर तेही.

चला, कागद उघडू.

सुरुवातीला नाव, पत्ता, मतदार यादीतला क्रमांक. मग पॅन. पॅन म्हणजे आयकर खात्याने दिलेला क्रमांक. आपल्यापैकी पुष्कळांना तो बँकेत खाते काढताना मिळालेला आहे. त्यापुढे पाच वर्षांच्या उत्पन्नाचा तक्ता. मग खटल्यांचा भाग. मग जंगम मालमत्ता, म्हणजे उचलून नेता येते ती: हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा, कोणाला उसने दिलेले पैसे, गाड्या, सोने. मग स्थावर: शेतजमीन, प्लॉट, दुकाने, घरे. शेतजमिनीच्या रकान्यात गाव आणि गट क्रमांक लिहावा लागतो. जमीन वडिलोपार्जित की विकत घेतलेली, विकत घेतली असेल तर कोणत्या तारखेला, केवढ्याला, आणि आज तिची किंमत काय, हेही लिहावे लागते. त्याखाली देणी: बँकेचे कर्ज, सरकारची थकबाकी, त्यात आयकराची थकबाकीही आली. शेवटी धंदा कोणता, उत्पन्नाचे साधन कोणते, सरकारी कामांचे ठेके आहेत काय, आणि शिक्षण.

गँगमन काका गट क्रमांकाच्या रकान्यावर बोट ठेवून थांबले. "म्हंजे हा गट कोणाचा होता, ते तलाठ्याकडं बघता येतं?" बघता येते. फेरफार पाहिला की जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते कळते. मुंबईत बसून पत्रकाराला जे समजणार नाही ते आपल्याला बांधावरून समजते. जमीन पडीक आहे की बागायत, ती खरोखर कोण कसतो, ती कोणाची होती आणि कोणत्या अडचणीत विकली गेली, हे शेजारच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते.

आता एक हिशोब करू. पाटीवर आम्ही एक बनावट उमेदवार उभा केला. आकडे सारे मनचे आहेत.

मागच्या निवडणुकीत या उमेदवाराने आपली मालमत्ता ८० लाख रुपयांची सांगितली होती. या वेळी सांगितली ४ कोटी. म्हणजे पाच वर्षांत ३ कोटी २० लाखांची वाढ झाली. आता उत्पन्नाच्या तक्त्याकडे जाऊ. पाच वर्षांचे त्याचे उत्पन्न मिळून २६ लाख, बायकोचे १० लाख. झाले ३६ लाख. नवे कर्ज काढले ४० लाख. दोन्ही मिळून ७६ लाख. समजा, या पाच वर्षांत या घराने भाकरीचा तुकडा खाल्ला नाही, लेकरांची फी भरली नाही, की लग्नाचा आहेर केला नाही. सगळेच्या सगळे पैसे शिल्लक टाकले. तरी ३ कोटी २० लाखांतून ७६ लाख गेले, उरले २ कोटी ४४ लाख.

"चोर हाय," मागून आवाज आला.

थांबा. एवढी घाई करू नये. त्याची पंधरा एकर जुनी जमीन आहे. मागे तिची किंमत ६० लाख लावली होती. रस्ता झाला, भाव वाढले, आज ती दीड कोटीची झाली. म्हणजे ९० लाख नुसते भावाने वाढले. त्यात लबाडी नाही, आणि जमीन विकेपर्यंत त्या वाढीवर आयकरही लागत नाही. आपल्याही चार एकरांचा भाव असाच वाढला आहे, म्हणून काही आपण चोर ठरत नाही. तेव्हा हे ९० लाख वजा करा. उरले १ कोटी ५४ लाख. कोणाकडून वारसाने काही आले असेल तर तेही वजा करावे. कागदात वारसाचा रकाना आहे, तिथे पाहावे. आमच्या बनावट उमेदवाराच्या रकान्यात तसे काही नव्हते.

मग तो काय म्हणेल? तो म्हणेल, "शेती आहे ना माझी!"

इथे आपण जरा जास्त वेळ थांबू. कारण या जागेवर आयकर खात्याच्या साहेबापेक्षा आपण जाणते आहोत.

आपल्या देशात शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. हे शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे, आणि ते असावे असेच आम्हाला वाटते. पाऊस पडला नाही तर खायचे वांधे, त्यात कर कोठून भरणार? पण ही सवलत दोन एकरवाल्याला आहे तशीच दोनशे एकरवाल्यालाही आहे. आणि ज्याला दुसरीकडून आलेला पैसा लपवायचा आहे त्यालाही तिचा मोह पडतो. पैसा कोठूनही येवो, 'शेतीतून आला' म्हटले की कर नाही. नमुन्यातल्या तक्त्यात करपात्र उत्पन्नाचा आकडा येतो; शेतीचे उत्पन्न त्यात मोडत नाही. काही उमेदवार ते वेगळे लिहितात. काही नुसते 'व्यवसाय: शेती' एवढेच लिहून मोकळे होतात.

तर १ कोटी ५४ लाख शेतीतून आले म्हणता? पंधरा एकर आणि पाच वर्षे. पंधरा पाचे पंच्याहत्तर. १ कोटी ५४ लाखांना पंच्याहत्तरने भागले की दर एकराला दर वर्षी २ लाख ५ हजारांच्या वर येतात. आणि हे निव्वळ. बी, खत, फवारणी, मजुरी सगळे जाऊन.

हा आकडा फळ्यावर लिहिला आणि वर्गात हसू फुटले. एवढे हसणे आम्ही त्या वर्गात पूर्वी ऐकले नव्हते. आपल्याकडे कोरडवाहू सोयाबीन चांगले पिकले तर एकरी ८ क्विंटल धरू. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो पुरता मिळाला असे समजू, जरी मोंढ्यात काय मिळते ते आपल्याला ठाऊक आहे. तरी एकरी झाले ४२,६२४ रुपये. त्यातून खर्च जायचा आहे.

"आम्हाला बी त्याचंच बी आणून द्या म्हणावं," एक बाई म्हणाल्या.

तरीही न्याय सोडू नये. हळदीला, केळीला, भाजीपाल्याला चांगला भाव लागला तर एकराला पुष्कळ पैसे होतात. शेडनेटमध्ये फुले लावणारा सोयाबीनवाल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळवतो. म्हणून आपण त्याला चोर म्हणायचे नाही. आपण त्याला विचारायचे: दादा, कोणते पीक घेता? पाणी कुठले? माल कोणत्या मोंढ्यात घातला? पट्ट्या आहेत का? खऱ्या शेतकऱ्याला हे विचारले तर तो अर्धा तास सांगत बसेल.

आता कराचे पाहू. 'कर भरतो तो श्रीमंत, आपला काय संबंध' असे पुष्कळांना वाटते. आपला संबंध आहे. मोबाईलमध्ये २०० रुपयांचा रिचार्ज मारला तर त्यात ३० रुपयांच्या आसपास वस्तू-सेवा कर असतो. रोजंदारीवर कापूस वेचणारी बाईही तो भरते. तिला तो लपवता येत नाही, चुकवता येत नाही, नंतर भरतो म्हणता येत नाही. रस्ता, दवाखाना, शाळा, रेशन, हे अशा लाखो रिचार्जांच्या आणि काडेपेट्यांच्या पैशातूनही होते. ज्याला त्या पैशाच्या तिजोरीवर बसायचे आहे, त्याने तिच्यात स्वतः काय टाकले, हे विचारायचा अधिकार त्या बाईचाही आहे.

आणि इथे नमुन्यातली एक उणीव सांगितली पाहिजे. त्यात उत्पन्नाचा रकाना आहे, पण 'कर किती भरला' असा रकाना नाही. थकबाकी कळते, भरलेला कर कळत नाही. आयकराचे मूळ रिटर्नही आपल्याला मागून मिळत नाही. अकोल्याच्या एका कचेरीतल्या अधिकाऱ्याबद्दलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की कोणाचे आयकर रिटर्न ही त्याची खाजगी बाब आहे. लोकांचे मोठे हित दाखवल्याशिवाय ते माहितीच्या अधिकारात देता येणार नाही. ते एका परीने बरोबरही आहे. आपले बँकेचे पुस्तक चौकात कोणी वाचावे असे कोणाला वाटेल? पण नोकरीतला माणूस आणि मते मागायला दारात आलेला माणूस यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्याने स्वतः होऊन आपला कारभार मागितला आहे. आमचे मत असे की भरलेल्या कराचा एक रकाना नमुन्यात असायला हरकत नाही.

हा प्रश्न आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत १९७३ साली निक्सन नावाचे अध्यक्ष होते. त्यांचे उत्पन्न वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर. पण १९७० साली त्यांनी आयकर भरला अवघा ७९२ डॉलर! ही बातमी वर्तमानपत्राने फोडली. चौकशी झाली, आणि त्यांच्याकडे साडेचार लाख डॉलरहून जास्त कर निघाला. तेव्हापासून तिथे अध्यक्षपदाच्या उमेदवारांनी आपली रिटर्न लोकांपुढे ठेवायची रीत पडली. पण ती रीत आहे, कायदा नाही. २०१२ साली मिट रॉम्नी नावाचे मोठे धनवान गृहस्थ उभे होते. लोकांनी फार मागे लागून विचारल्यावर त्यांनी दोन वर्षांची रिटर्न दाखवली. त्यांचे २०१० सालचे उत्पन्न दोन कोटी डॉलरच्या वर, आणि कर शेकडा चौदाच्या आसपास. पगारदाराला तिथे सर्वांत वरचा दर शेकडा ३५ होता. रॉम्नींनी कायदा मोडला नव्हता. भांडवलावरच्या नफ्याला तिथे कर कमी होता, एवढेच. पण कायदा असा का, हे लोकांनी विचारायला सुरुवात केली. आणखी एक गोष्ट त्यांच्या आड आली. त्यांचे वडील जॉर्ज रॉम्नी १९६७ साली याच पदासाठी पुढे आले होते, आणि त्यांनी एकदम बारा वर्षांची रिटर्न मांडली होती. बापाने बारा वर्षांचा हिशोब दिला, मुलाने दोन वर्षांचा. निवडणूक मुलगा हरला; ती याच कारणाने हरला असे आम्ही म्हणत नाही.

नॉर्वे देशात तर कोणाही माणसाचे उत्पन्न आणि त्याने भरलेला कर दुसरा माणूस पाहू शकतो. मात्र २०१४ पासून तिथे अशी सोय केली आहे की आपला आकडा कोणी पाहिला ते आपल्याला कळते. ही रीत आम्हाला आवडली. पाहणाऱ्यानेही तोंड लपवू नये.

परत महाराष्ट्रात येऊ. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या घाटकोपर पूर्व मतदारसंघातून पराग शहा उभे होते. त्यांचा धंदा बांधकामाचा. त्यांनी आपली मालमत्ता सुमारे ३,३८३ कोटी रुपयांची सांगितली. २०१९ साली त्यांनीच ५०० कोटींहून अधिक सांगितली होती. हे आकडे आपल्याला कळले, ते त्यांनी शपथेवर लिहून दिले म्हणून. मोठा आकडा म्हणजे लबाडी, असे समजायचे कारण नाही. उलट, ज्याची ऐपत साऱ्या गावाला दिसते आणि कागदावर मात्र एक जुनी मोटारसायकल आणि वीस हजार रोकड असते, त्याच्या कागदाकडे जास्त बारकाईने पाहावे.

तपासणी कोण करतो, हेही पाहावे लागते. उमेदवारी अर्ज घेणारा अधिकारी कागद पुरा भरला की नाही एवढे पाहतो. तो खरा की खोटा हे तो ठरवत नाही. ते काम आयकर खात्याकडे जाऊ शकते. पण आयकर खाते सरकारच्या हाताखाली. शरद पवार यांना २०२० साली आणि पुन्हा २०२२ साली आयकर खात्याकडून आपल्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रांबद्दल विचारणा आली. दुसऱ्या वेळी २००४, २००९, २०१४ आणि २०२० या सालांच्या कागदांबद्दल ती होती. पवारांनी थट्टेने तिला 'प्रेमपत्र' म्हटले. त्यांचा रोख असा की विरोधात असलेल्यांनाच अशी पत्रे येतात. यात खरे-खोटे काय ते आम्ही ठरवणार नाही. पण तराजू एकच असावा आणि तो सर्वांच्या मालाला लावावा, हे मोंढ्यात माल घालणाऱ्याला कोणी सांगायला नको.

प्रतिज्ञापत्रावरून कोर्टापर्यंत गेलेले आपल्याकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण देवेंद्र फडणवीस यांचे. ते कराचे नव्हते, खटल्यांच्या रकान्याचे होते. २०१४ च्या कागदात त्यांनी नागपूरची दोन जुनी प्रकरणे लिहिली नाहीत, अशी तक्रार तिथल्या एका वकिलाने केली. ते मुख्यमंत्री असतानाच, १ ऑक्टोबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही तक्रार चालली पाहिजे. ती चालली, आणि ८ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. मुख्यमंत्र्यालाही कागदाबद्दल जाब द्यावा लागला. आणि तक्रार झाली म्हणून माणूस दोषी ठरला नाही.

आणि आपल्या गंगाखेड मतदारसंघाचे काय? २०१९ साली इथून साखर कारखानदार रत्नाकर गुट्टे निवडून आले, तेव्हा ते तुरुंगात होते. शेतकऱ्यांच्या नावावर पीककर्ज उचलल्याच्या आरोपाचा तो खटला. आरोप म्हणजे शाबीत झालेला गुन्हा नव्हे. मतदारांना सगळे माहीत होते. त्यांनी आपल्या विचाराने मत दिले, आणि २०२४ साली पुन्हा त्यांनाच निवडून दिले. त्याबद्दल आमच्या वर्गातच दोन तट पडले आणि त्या दिवशी वर्ग अर्धा तास जास्त चालला. आम्ही कोणाला गप्प केले नाही.

कागदात कोणी खोटे लिहिले किंवा लपवले तर? कायद्यात त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. निवडणुकीआधीच आपल्याला काही चूक दिसली तर आपणही शपथेवर उलट प्रतिज्ञापत्र देऊ शकतो. तेही फलकावर लागते. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक अर्ज करता येतो, आणि तो साधा मतदारही करू शकतो. आपल्याला त्यासाठी औरंगाबाद खंडपीठात जावे लागते. वकिलाची फी, गाडीभाडे, तारखा, हे सारे आलेच. 'करू शकतो' आणि 'परवडते' यांत अंतर आहे, ते आम्ही लपवत नाही.

उगाच खुसपट काढूनही चालत नाही. अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती. कारण काय, तर घरच्यांच्या नावावर राहिलेल्या, पण आधीच विकलेल्या किंवा देऊन टाकलेल्या तीन जुन्या गाड्या त्याने लिहिल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये त्याची निवड कायम केली आणि सांगितले की उमेदवाराला घरातले कपडे, भांडी, बूट सगळे लिहायची गरज नाही. ज्याने मतदाराच्या मतात फरक पडेल तेवढे आलेच पाहिजे.

खर्चाचाही हिशोब असतो. विधानसभेला उमेदवाराने ४० लाखांपर्यंत खर्च करावा, लोकसभेला ९५ लाखांपर्यंत, अशी मर्यादा २०२२ साली घातली आहे. निकालानंतर ३० दिवसांत त्याचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. आपल्याला तो परभणीच्या कचेरीत पाहता येतो. पाहण्याची फी नियमात एक रुपया लिहिलेली आहे. आपल्या गावात किती गाड्या फिरल्या, किती जेवणावळी उठल्या, आदल्या रात्री कोणत्या गल्लीत 'लक्ष्मीदर्शन' झाले, हे आपल्याला ठाऊक असते. हिशोबात त्यातले किती उतरले ते ताडून पाहता येते. पण ज्याने पाचशेची नोट घेतली त्याच्या तोंडून प्रश्न निघत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार, म्हणून तर तो नोट देतो.

आमची खरी अडचण वेळेची आहे. २०२४ साली अर्ज भरायची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. मध्ये दिवाळी, आणि रानात कापूस फुटलेला. एवढ्या दिवसांत कचेरीत जाऊन कागद कोण आणणार? शिवाय पुष्कळ कागद इंग्रजीत भरलेले. संगणकावरचे सातबारे आले तेव्हा गावोगाव चावडी वाचन झाले होते. मोठ्याने नावे वाचली, चुका निघाल्या, दुरुस्त झाल्या. तसे उमेदवारांच्या कागदांचे चावडी वाचन का होऊ नये, असे आमच्या मनात आले. नावाच्या क्रमाने सर्वांचे कागद वाचायचे, एकालाही गाळायचे नाही, आणि वाचणाऱ्याने आपल्या पदरचा एक शब्दही घालायचा नाही.

वर्गात आम्ही हे बोललो तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही. मग एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "वाचायला हरकत न्हाई. पर उद्या त्याच्याच माणसाकडं खतासाठी, पोराच्या नोकरीसाठी जावं लागतं. कोण वाचंल?"

प्रश्न खोटा नव्हता. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही.

गँगमन काकांनी चष्मा पुसला. "मला पेन्शन हाय," ते म्हणाले. "मला कोणाकडं काही मागायचं न्हाई. मी वाचतो. पर जोडाक्षरं अजून अडतात."

तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस आम्ही नमुना २६ मधलेच शब्द घेतो. 'स्थावर', 'जंगम', 'वडिलोपार्जित', 'थकबाकी' झाले. 'प्रतिज्ञापत्र' हा शब्द काकांना न अडखळता म्हणायला तीन रात्री लागल्या.